खरा पैलवान कोण? इस्लाममध्ये ताकद कशाला म्हणतात

विजापूरवेसकर

सलाम, नमस्कार मंडळी.

सध्या रील्सवर इस्लामच्या नावाने मर्दानगी विकायला काढली आहे. मागे घोडा, हातात तलवार, फुगवलेले दंड, खाली कुरआनची अर्धीच आयत आणि कानठळ्या बसवणारं संगीत. आमच्याकडची सोळा-सतरा वर्षांची पोरं ते बघतात आणि त्यालाच दीन (धर्म) समजतात. तेच रील आमच्या हिंदू मित्रांपर्यंत जातं, आणि यांच्या धर्मात ताकद म्हणजे हेच असणार, असं त्यांना वाटतं. दोघांचीही फसगत होतेय. मला त्याचा मनापासून त्रास होतो, म्हणून हा धागा.

मी सोलापूरचा. उमेदीची वर्षं लाल मातीत गेली, आता संध्याकाळी तालमीत पोरांकडे बघतो. पोरं सगळ्या घरांतली आहेत, पद्मशाली, लिंगायत, धनगर, आमची. नवीन पोरगं आलं की लंगोट बांधायला शिकवायच्या आधी त्याला एक हदीस (प्रेषितांचं वचन) सांगतो. अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) म्हणाले: पैलवान तो नव्हे जो दुसऱ्याला लोळवतो, पैलवान तो, जो रागाच्या वेळी स्वतःला ताब्यात ठेवतो.

ज्यांना हे सांगितलं ते लोक कुस्ती जाणणारे होते. अंगातल्या जोराची त्यांना किंमत होती, आणि हुजूरांनाही (प्रेषितांनाही) होती. रुकाना नावाचा मक्केचा नामांकित मल्ल होता, त्याच्याशी हुजूर कुस्ती खेळले आणि त्याला पाडलं, अशी रिवायत (परंपरेने सांगितलेली हकीकत) आहे. सहीह मुस्लिममध्ये तर स्पष्टच आहे, की बळकट मोमिन (श्रद्धावान) अल्लाहला दुबळ्या मोमिनपेक्षा जास्त प्रिय आहे, आणि भलाई दोघांतही आहे. तेव्हा शरीर कमवू नका असं कुणी म्हणत नाही. जोर-बैठका मारा, खुराक खा. फक्त त्यावर पैलवानकी ठरत नाही.

मातीत हे डोळ्यांनी दिसतं. परवा खेळताना एकाचं कोपर दुसऱ्याच्या नाकावर बसलं, रक्त आलं. मुद्दाम नव्हतं. पण पोरगं चिडलं आणि डोकं खाली घालून सरळ पटात घुसलं. समोरचा शांत होता. त्याने मानेवर हात ठेवला, बाजूला सरकला, मागून ताबा घेतला आणि दोन दमांत चितपट. चिडलेल्या गड्याची मूठ आवळते, दम लवकर संपतो, समोरच्याचे पाय दिसेनासे होतात. पाठीवरची माती झाडताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला हौद्याच्या कडेला नुसतं बसवून ठेवलं. तेही मनाने केलं नाही, अबू दाऊद या संग्रहातली हदीस आहे: राग आला आणि उभे असाल तर बसा, तरी गेला नाही तर आडवे व्हा.

हुजूरांच्या आयुष्यात मला दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. पहिला ताइफ या गावचा. पत्नी खदीजा आणि काका अबू तालिब, दोघंही नुकतेच गेलेले. मक्केत आधार उरला नव्हता, म्हणून ताइफला गेले. तिथल्या पुढाऱ्यांनी हाकललं, टवाळ पोरं मागे लावली, दगड मारले. सोबत फक्त जैद बिन हारिसा. पुढे त्यांच्या पत्नी हजरत आयशांनी विचारलं, उहुदच्या लढाईपेक्षा कठीण दिवस तुमच्यावर कधी आला होता का? तेव्हा त्यांनी याच दिवसांचं नाव घेतलं. त्या परतीच्या वाटेवर डोंगरांचा फरिश्ता आला आणि म्हणाला, सांगाल तर हे दोन डोंगर यांच्यावर आणून आदळतो. हुजूर म्हणाले, नको. यांच्या पोटी एका अल्लाहची इबादत करणारे जन्मतील अशी मला आशा आहे.

दुसरा प्रसंग इसवी सन 630 चा, मक्का जिंकल्याचा. सोबत 10,000 माणसं. समोर तेच कुरैश टोळीवाले, ज्यांनी छळलं, घरातून काढलं, नातलग मारले. अरबांच्या रिवाजाप्रमाणे सूड घेतला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. त्या दिवशी सर्वसाधारण माफी दिली गेली. यूसुफ (अलै.) यांनी आपल्या भावांना जे म्हटलं होतं तेच शब्द: आज तुमच्यावर काही ठपका नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हात उचलता येत असताना जो आवरतो, त्याला आमच्या दीनमध्ये पैलवान म्हटलंय. तुमचं मत सांगा. मतभेद असतील तर तेही लिहा.

शेंगाचटणी

लै भारी लिहिलंय वो वस्ताद. आमचे आजोबा पण तालमीत जायचे, त्यांचे वस्ताद मुसलमान होते. आखाड्यात शिवी दिली की दुसऱ्या दिवशी माती उकरायचं काम, एवढं आठवतंय.

एक विचारू? राग येणंच गुन्हा आहे का? माणूस आहे, येणारच की.

धोटाकांडी

लेख चांगला आहे. पण मला दुसरी बाजू लिहायचीय, आणि ती जरा कडू आहे.

वडील यंत्रमागावर होते, आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, बोटं दिवसभर चालू. संध्याकाळी माल द्यायला गेली की खराब म्हणून मूठभर विड्या बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत, आणि त्या विड्या परतही नाहीत. बायका बोलायच्या नाहीत. वडिलांचा हप्ता एकदा महिनाभर अडकला होता. ते मोहल्ल्यातल्या एका मोठ्या माणसाकडे दाद मागायला गेले. काय ऐकायला मिळालं? सबर करो, धीर धरा. अल्लाह सबर करणाऱ्यांसोबत आहे.

आयत खरी आहे, मला माहीत आहे. पण आमच्या घरात ती नेहमी वरून खाली आली. ज्याच्याकडे पैसा, त्याने ज्याच्याकडे काही नाही त्याला ऐकवली. मालकाला कुणी सांगितलं नाही की तू राग गिळ, तू नफा सोड. मग हा राग आवरण्याचा उपदेश गरिबाला गप्प बसवायचा मार्ग होत नाही का? माझ्या आईकडे आवरायला ताकद होती कुठे?

विजापूरवेसकर

धोटाकांडी भाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या वडिलांना जे ऐकवलं गेलं त्याला मी सबर म्हणणार नाही.

कुरआनच्या सूरह शूरामध्ये, म्हणजे 42 व्या अध्यायात, 39 ते 43 या आयती एका दमात वाचा. आधी मोमिनांची ओळख सांगताना म्हटलंय, की त्यांच्यावर जुलूम झाला तर ते प्रतिकार करतात. मग: वाईटाचा बदला तेवढाच, पण जो माफ करील आणि समेट घडवील त्याचं फळ अल्लाहकडे. मग पुन्हा: ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दाद घेतली तर त्याला बोल नाही, बोल आहे तो लोकांवर जुलूम करणाऱ्यांना. आणि शेवटी: जो सबर करतो आणि माफ करतो, ते मोठ्या हिमतीचं काम. आधी हक्क, मग माफी. हक्कच नाकारला तर माफ करायला हातात उरतं काय?

आणि मालकाला कुणी सांगितलं नाही म्हणता, तर सांगितलंय, फार कडक शब्दांत. बुखारीमध्ये आहे: अल्लाह म्हणतो, कयामतच्या दिवशी तीन जणांच्या विरोधात मी स्वतः उभा राहीन. त्यातला एक, ज्याने मजूर लावला, काम पुरतं करून घेतलं आणि मजुरी दिली नाही. ही हदीस आमच्याकडे जुम्याच्या (शुक्रवारच्या) बयानमध्ये फार कमी ऐकू येते. का येत नाही, ते तुम्ही लिहिलंच आहे.

हुजूरांचे साथीदार अबू मसऊद (रजि.) यांचा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये त्यांच्याच तोंडून आलाय. ते आपल्या गुलाम पोराला चाबकाने मारत होते. मागून आवाज आला, "अबू मसऊद, ध्यानात ठेव." ते म्हणतात, रागापायी मला आवाज ओळखू आला नाही. आवाज जवळ आला, वळून बघतात तो हुजूर. चाबूक हातातून टाकला. हुजूर म्हणाले, "ध्यानात ठेव अबू मसऊद, या पोरावर तुझा जेवढा जोर चालतो, त्याहून अल्लाहचा तुझ्यावर जास्त चालतो." अबू मसऊदनी त्या पोराला तिथल्या तिथे आजाद केलं. त्यावर हुजूर म्हणाले, केलं नसतंस तर आगीने तुला गाठलं असतं.

बघा, गुलामाला एका शब्दानेही सबर कर म्हटलेलं नाही. सगळं बोलणं चाबूकवाल्याशी आहे.

हजरत अबू बकर (रजि.) खलीफा झाल्यावर पहिल्याच भाषणात म्हणाले, तुमच्यातला दुबळा माझ्या लेखी बलवान आहे, त्याचा हक्क मी मिळवून देईपर्यंत, आणि बलवान माझ्या लेखी दुबळा, त्याच्याकडून तो हक्क घेईपर्यंत. तुमच्या आईच्या बाजूने कुणी तरी हे म्हणायला हवं होतं.

चारपुतळा

इथे सोलापूरचंच एक उदाहरण लिहितो. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर आपलं शहर पेटलं आणि इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चौघांचे पुतळे एका रांगेत आहेत, आपण रोज शेजारून जातो.

अबू दाऊदमध्ये हदीस आहे, की जुलमी सत्ताधीशासमोर न्यायाचा शब्द बोलणं हा सगळ्यात श्रेष्ठ जिहाद. ताकदीची चर्चा करताना कुर्बान हुसेन यांचं नाव यायलाच हवं असं मला वाटतं. आमच्या शाळेत जानेवारीत फुलं वाहायला न्यायचे, पण ते कोण होते हे नीट सांगितलं नाही कुणी.

तीन_मुलींची_अम्मी

सगळं वाचलं. आता घरातलं लिहिते, कारण बाहेरचं सगळ्यांनी लिहिलंय.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पाण्याचा दिवस असला की रात्री दोनलाही उठायचं. मोटर लावायची, पिंप, घागरी, बादल्या, टाकी. आमच्या गल्लीत त्या रात्री ज्या घरातून सगळ्यात मोठा आवाज येतो, तो माणूस एका साहेबाच्या हाताखाली कामाला आहे. साहेब त्याला चारचौघांत घालूनपाडून बोलतो. तो मान खाली घालून "जी साहेब" म्हणतो, हे त्यानेच माझ्या नवऱ्याला सांगितलं. आणि घरी पाइप निसटला म्हणून बायकोवर असा ओरडतो की लेकरं पांघरुणात तोंड लपवतात.

याला राग आवरत नाही असं गल्ली म्हणते. मी म्हणते, उत्तम आवरतो. साहेबासमोर आठ-आठ तास आवरतो. घरी आवरायची गरज वाटत नाही, कारण इथे समोरची कमजोर आहे. मग ती हदीस खरी तपासायची तर घरातच, जिथे उलट मार बसणार नाही, नोकरी जाणार नाही, कुणी बघणार नाही.

हजरत आयशा (रजि.) सांगतात की हुजूरांनी अल्लाहच्या वाटेवरची लढाई सोडली तर कधी कुणावर हात उचलला नाही, बायकोवर नाही, नोकरावर नाही. अनस (रजि.) लहानपणापासून दहा वर्षं त्यांच्या खिदमतीत होते, ते म्हणतात, मला कधी 'उफ' म्हटलं नाही, हे का केलंस, ते का नाही केलंस, असं विचारलं नाही. दहा वर्षांत घरात भांडी फुटली नसतील? काम राहून गेलं नसेल?

माझ्या मुलींना मी सांगते, स्थळ बघताना मुलगा पाहुण्यांशी कसा बोलतो ते बघू नका. चहा आणणाऱ्या धाकट्या भावाशी कसा बोलतो ते बघा.

शेंगाचटणी

आपा, शेवटचं वाक्य आमच्या घरात वाचून दाखवलं. आई म्हणाली, बरोबर बोलली बाई.

माझ्या प्रश्नाचं राहिलंच, राग येणं गुन्हा आहे का?

तालिबेइल्म

शेंगाचटणी, गुन्हा नाही. हुजूरांनाही राग यायचा, चेहऱ्यावर दिसायचा. कशाचा यायचा ते बघण्यासारखं आहे. एका माणसाने तक्रार केली, अमुक इमाम फज्रची (पहाटेची) नमाज इतकी लांबवतात की मी जमातला (सामूहिक नमाजला) यायचंच टाळतो. अबू मसऊद सांगतात, त्या दिवशीइतकं रागावलेलं मी हुजूरांना उपदेश करताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, तुम्ही लोकांना दूर पळवता; जो नमाज पढवील त्याने ती आटोपती घ्यावी, मागे म्हातारे असतात, अशक्त असतात, कामाची घाई असलेले असतात. दुसऱ्या वेळी एका मोठ्या घराण्यातल्या बाईने चोरी केली आणि तिच्यासाठी वशिला लावायला उसामा (रजि.) यांना पुढे केलं गेलं, तेव्हा हुजूर संतापले. आधीचे लोक याच पायी बुडाले, म्हणाले. वजनदाराने चोरी केली की सोडायचे आणि दुबळ्याने केली की शिक्षा द्यायचे.

राग कुणासाठी आला, हे दोन्हीकडे दिसतं. आयशा (रजि.) सांगतातच, की स्वतःच्या जिवासाठी त्यांनी कधी सूड घेतला नाही. एकदा एका खेडवळ अरबाने मागून चादर इतक्या जोरात ओढली की जाड काठाचा वळ मानेजवळ उठला. वर म्हणतो कसा, तुमच्याकडे जो अल्लाहचा माल आहे त्यातला मलाही द्यायला सांगा. हुजूर वळले, हसले आणि त्याला द्यायला लावलं.

दोन गोष्टी नीट सांगून ठेवतो, कारण या विषयावर त्या हमखास फिरतात. हजरत अली यांच्या तोंडावर शत्रू थुंकला आणि त्यांनी तलवार खाली केली, ही गोष्ट सुंदर आहे, पण ती मौलाना रूमींच्या मसनवीमुळे घराघरांत पोचली. हदीस म्हणून सांगू नका. तसंच "लहान जिहादकडून मोठ्या जिहादकडे आलो" हे वाक्य. त्याची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) कच्ची मानली जाते. त्याची गरजही नाही, कारण तिर्मिजीच्या हदीस-संग्रहात पक्क्या सनदीने आहे की मुजाहिद (जिहाद करणारा) तो, जो आपल्या नफ्सशी (मनातल्या वासनांशी) झगडतो. आणि रुकानाच्या कुस्तीची रिवायत तिर्मिजीमध्ये आहे, पण सनद मजबूत नसल्याचं खुद्द इमाम तिर्मिजींनी नोंदवलंय. वस्तादांनी 'अशी रिवायत आहे' एवढंच लिहिलं, ते बरं केलं.

जुळेसोलापूर_22

माझा प्रश्न सरळ आहे. कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एकाने हुजूरांबद्दल अत्यंत घाण लिहिलं. माझं नाव टॅग करून. हात थरथरत होते. दोन मित्र म्हणाले, चल, त्याच्या घरी जाऊ. घरच्यांनी मोबाइल काढून घेतला. मी गप्प बसलो. पण रात्रभर झोप नाही, भित्रा आहे असंच वाटत राहिलं. ही ताकद आहे की भीती, मला कसं कळणार?

विजापूरवेसकर

बेटा, तुझ्या हातांची थरथर मला इथे कळतेय. प्रेम आहे म्हणून थरथरले, त्यात लाज नाही.

भीती की ताकद, ते पुढे काय करतोस त्यावर कळेल. भ्यालेला माणूस त्या ग्रुपमधून तोंड लपवून निघून जातो किंवा चार जण जमवून मग जातो. तू एकटा त्या मुलाशी बोल. फोन कर, शक्य असेल तर दिवसाउजेडी चहाला बोलाव. सांग, हे वाचून मला काय झालं. एवढंच. आणि त्याने जे लिहिलं ते कायद्यात बसत नसेल तर तक्रारीचा मार्ग आहे, तो वापरणं म्हणजे कमजोरी नव्हे. जमाव घेऊन घरी जाण्याचा मार्ग मात्र आपला नाही. त्या घरात त्याची आई असेल, धाकटी भावंडं असतील.

सूरह फुरकानमध्ये रहमानच्या बंद्यांची पहिली ओळख अशी दिलीय, की ते जमिनीवर नम्रपणे चालतात आणि अडाणी लोक तोंडाला लागले तर सलाम म्हणून पुढे जातात. आणि सूरह फुस्सिलत, आयत 34: वाईटाला चांगल्याने परतव, मग ज्याच्याशी वैर होतं तो जणू जिवलग दोस्त होईल. लगेच पुढची आयत सांगते, की हे सबर करणाऱ्यांनाच साधतं.

हजरत उमर (रजि.) यांचा दरारा तर तुला माहीत आहे. खलीफा असताना उयैना नावाचा एक सरदार तोंडावर म्हणाला, तू आम्हाला पुरेसं देत नाहीस आणि इन्साफ करत नाहीस. उमर इतके भडकले की मारायलाच निघाले. उयैनाचा पुतण्या हुर्र बिन कैस शेजारी होता, त्याने आयत म्हटली: माफीचा मार्ग धर, भल्याचा हुकूम दे, अडाण्यांकडे दुर्लक्ष कर. आणि म्हणाला, हा अडाण्यांपैकीच आहे. सांगणारे शपथेवर सांगतात, आयत ऐकल्यावर उमर तिच्या पुढे एक पाऊल गेले नाहीत. अर्ध्या जगाचा दबदबा असलेला माणूस एका तरुण पोराच्या तोंडून आयत ऐकून थांबला. तुझ्या घरच्यांनी मोबाइल काढून घेतला, त्यांचे आभार मान.

जुळेसोलापूर_22

वस्ताद, फोन लावला. त्याने उचलला नाही. उद्या परत लावतो.

धोटाकांडी

लाव रे. मी पण वाट बघतोय काय होतं त्याची.

वस्ताद, मजुरीची हदीस मोठ्या अक्षरांत लिहून मागवलीय एका ओळखीच्या पेंटरकडून. माझ्या हाताखाली आता तीन जण काम करतात. माझ्याच टेबलासमोर लावणार आहे.

निरीक्षक

चर्चा उत्तम चालली आहे, म्हणून आदराने एक अवघड प्रश्न. वर अम्मींनी लिहिलं की प्रेषितांनी कधी हात उचलला नाही. पण कुरआनच्या चौथ्या सूरहमधली 34 वी आयत दाखवून नवऱ्याला मारायची मुभा आहे असं सांगणारे लोकही आहेत. ते टाळून ही चर्चा पूर्ण होईल का?

तीन_मुलींची_अम्मी

टाळायची नाहीच. त्या आयतीच्या अर्थावर उलमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) जुन्या काळापासून चर्चा आहे, आणि मी आलिमा नाही. पण ज्यांच्यावर ती आयत उतरली ते कसे वागले, हे बघण्याचा हक्क मला आहे. ते वर लिहिलंच.

अबू दाऊदमध्ये आणखी आहे. बऱ्याच बायका हुजूरांच्या घरी नवऱ्यांच्या माराची तक्रार घेऊन आल्या, तेव्हा ते म्हणाले, असे पुरुष तुमच्यातले चांगले पुरुष नव्हेत. आणि सहीह मुस्लिममधला फातिमा बिन्त कैस यांचा किस्सा तर प्रत्येक बापाने वाचावा. त्यांना दोन मागण्या आल्या होत्या, मुआविया आणि अबू जहम. सल्ला विचारायला गेल्या. हुजूर म्हणाले, मुआवियाकडे पैसा नाही, आणि अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही. एका रिवायतीत सरळच आहे, की तो बायकांना मारतो. म्हणाले, उसामाशी निकाह कर. स्थळ विचारायला आलेल्या बाईला त्यांनी मारणाऱ्या माणसाचं नाव घेऊन सावध केलं. आपल्याकडे मात्र स्थळाची चौकशी केली की सगळे म्हणतात, मुलगा जरा तापट आहे, लग्न झाल्यावर सुधारेल.

पुणे_मुक्काम

नेहमी फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. माझी धाकटी बहीण सोलापुरात दिलीय. तीन वर्षं झाली. वरच्या अबू जहमबद्दल वाचून गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सासरचे म्हणतात सबर कर, आमचे वडीलही तेच म्हणतात, घराची इज्जत. ती फोनवर फक्त "ठीक आहे" म्हणते. दीनच्या दृष्टीने तिने सहन करणं हीच तिची ताकद आहे का? मला खरंच माहीत नाही.

तालिबेइल्म

भाऊ, नाही. साबित बिन कैस यांच्या पत्नीची हदीस बुखारीमध्ये आहे. त्या हुजूरांकडे येऊन म्हणाल्या, साबितच्या दीनला किंवा स्वभावाला मी नाव ठेवत नाही, पण मला त्याच्यासोबत राहवत नाही. त्यांना सबर कर म्हटलं गेलं नाही. मेहेर म्हणून नवऱ्याने दिलेली बाग परत करशील का, एवढं विचारलं, त्या हो म्हणाल्या आणि साबितना तलाक द्यायला सांगितलं. जिथे नवऱ्याची तक्रारही नव्हती तिथे ही मोकळीक आहे. तुमच्या बहिणीवर तर हात उचलला जातोय. बुखारीमध्येच आहे: आपल्या भावाला मदत करा, तो जालिम (जुलूम करणारा) असो की मजलूम (जुलूम सोसणारा). लोकांनी विचारलं, जालिमला कशी? तर त्याचा हात धरून.

तीन_मुलींची_अम्मी

भाईजान, फोनवर विचारू नका. फोन स्पीकरवर असू शकतो. तुम्ही स्वतः या, आणि वडिलांना न विचारता या. काही कारण काढून तिला दोन दिवस घरी घेऊन चला, लेकरू असेल तर तेही सोबत. निघताना तिचं आधार कार्ड, निकाहनामा, बँकेचं पुस्तक आणि तिचे दागिने राहू देऊ नका. अंगावर खुणा असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा आणि कागद घ्या.

महिलांसाठी 181 वर फोन लागतो, जिवाला धोका वाटला तर 112. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न किती ते बघत नाहीत. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आपल्यालाही लागू आहे, कुणी नाही म्हटलं तर ऐकू नका. समेटाचं बोलणं करायचं असेल तर ती तुमच्या घरी सुरक्षित बसल्यावर, आणि तिला विचारून.

सोलापुरात उतरलात की इथेच निरोप टाका. एकटे जायचं नसेल तर मी आणि माझे यजमान तुमच्याबरोबर येऊ.